बोटीनं आलेली लोकल

पनवेल-कर्जत नव्या मार्गाचं काम सुरू झाल्यापासून आपल्या गटांच्या बैठकीत हप्त्याची चर्चा संपली की लोकलची सुरू होते. नवी गाडी कधी येणार, डबे कसे असणार, पाट्या ठेवायला जागा असणार का? परवा एका ताईंनी विचारलं, "मॅडम, हे डबे परदेशातून येतात ना? मग बंदरात उतरले की लगेच का धावत नाहीत?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधत मी शंभर वर्षं मागे गेले. मुंबईची पहिली विजेवरची लोकल खरोखरच बोटीनं आली होती, आणि तिच्यासाठी मुंबईला फार लांब वाट पाहावी लागली होती.

आपल्याकडे आगगाडी सुरू झाली १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे. पुढची सत्तर वर्षं मुंबईतली जवळची वाहतूकही वाफेच्याच इंजिनावर चालली. गिरण्या वाढल्या, गोद्या वाढल्या, कोकण आणि देशावरची माणसं पोटासाठी मुंबईला गेली, तसा गाड्यांवर भार वाढला. १९०४ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाईट यांनी सुचवलं, की मुंबईतून सुटणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या विजेवर चालवाव्यात. या दोन कंपन्या म्हणजे आपल्या बाजूची जी.आय.पी. आणि चर्चगेटच्या बाजूची बी.बी.सी.आय. सूचना कोणी नाकारली नाही. पण परवानग्या आल्या, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, आणि मंजुरी मिळता मिळता १९२० उजाडलं. गाडी प्रत्यक्ष धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. म्हणजे सूचनेपासून एकवीस वर्षं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी गाडी येईपर्यंत दोन लेकरांची आई झाली असेल.

एवढं मोठं अडलं काय होतं, ते समजायला आधी वाफेची आणि विजेची गाडी यांतला फरक बघू.

वाफेची गाडी म्हणजे बैलगाडीच. सगळी ताकद पुढे जुंपलेल्या इंजिनात, मागचे डबे नुसते ओढले जायचे. शेवटचं स्टेशन आलं की जू सोडायचं, इंजिन दुसऱ्या रुळावरून फिरवून मागच्या टोकाला न्यायचं, पाणी भरायचं, पुन्हा जुंपायचं. तोवर ती गाडी फलाट अडवून उभी. शिवाय इंजिनाचं चुलीसारखं आहे, पेटवलं आणि लगेच भाकरी टाकली असं होत नाही. वाफ धरायला तास लागतात. आणि सुटल्यावरही वेग हळूहळू येतो. लांबच्या गाडीला ते चालतं, पण जिथं दर दीड-दोन किलोमीटरला स्टेशन आहे तिथं वेग येईतो थांबायची वेळ होते.

विजेच्या लोकलला वेगळं इंजिनच नाही. काही डब्यांच्या खाली, चाकांजवळ, विजेच्या मोटारी बसवलेल्या असतात. त्याला मोटार डबा म्हणतात. छतावरचा जाळीसारखा हात वरच्या तारेला टेकून वीज घेतो. दोन्ही टोकांना चालकाची केबिन. शेवटचं स्टेशन आलं की गाडी फिरवायची नाही, मोटरमननं आपली पिशवी उचलून या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचं, की गाडी परत निघायला तयार. ताकद एका इंजिनात नसून अनेक चाकांना वाटलेली, म्हणून उभ्या गाडीला झटकन वेग येतो आणि तितक्याच झटकन थांबताही येतं. त्याच रुळांवर, त्याच फलाटांवर कितीतरी जास्त गाड्या सोडता येतात. मुंबई एवढी पसरली ती या एका गोष्टीमुळे, असं माझं मत आहे.

पण असे डबे तेव्हा आपल्याकडे बनत नव्हते. पहिल्या गाड्यांचे डबे इंग्लंडमधल्या कॅमेल लेअर्ड या कारखान्यात आणि जर्मनीतल्या युर्डिंगन इथल्या वाघिणींच्या कारखान्यात बनले. कंपनीचा कारभार लंडनहून चाले, खरेदीचे निर्णय तिथंच होत. जी.आय.पी. रेल्वे सरकारच्या ताब्यात आली ती १ जुलै १९२५ ला, विजेची गाडी सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी.

आता यात एक गंमत आहे. इंग्लंड-जर्मनीतल्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर आणि आपल्या मोठ्या मार्गाचं १६७६ मिलिमीटर, जवळजवळ वीतभर जास्त. म्हणजे आपल्यासाठी बनवलेला डबा, जिथं बनला त्या देशात स्वतःच्या चाकांवर धावूच शकत नव्हता. त्याला पहिल्यांदा आपल्या चाकांवर पळायला मिळणार ते थेट मुंबईत आल्यावर. कारखान्यात कितीही तपासलं तरी खरी परीक्षा इथंच. आजही परदेशातून येणाऱ्या डब्यांच्या बाबतीत पुष्कळदा हेच होतं, आणि बंदरात उतरलेली गाडी लगेच का धावत नाही याचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर तुम्हाला मी सांगायला नको. गटातून शेळीसाठी कर्ज मंजूर झालं म्हणून कोणी लगेच शेळी आणून अंगणात बांधत नाही. आधी गोठा लागतो, चारा लागतो, पाण्याची सोय लागते. मुंबईतही तसंच. डबे समुद्रावर यायच्या आधी रुळांवर खांब उभे करून तार ओढायची होती. बाहेरून येणारी वीज गाडीला चालेल अशी, म्हणजे १५०० व्होल्टची एकाच दिशेनं वाहणारी करून देणारी उपकेंद्रं बांधायची होती. गाड्या ठेवायला आणि तपासायला कुर्ल्याला कारशेड हवी होती. व्हिक्टोरिया टर्मिनसपासून डॉकयार्ड रोडकडे जाणारा मार्ग वस्तीतून जमिनीवरून नेता येत नव्हता, तो उंचावरून न्यावा लागला. हार्बर लाईननं गेलात तर सँडहर्स्ट रोडला वर-खाली अशी दोन मजल्यांची स्टेशनं दिसतात, ती त्यामुळेच. हे सगळं झाल्यावर मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते चार डब्यांची पहिली गाडी निघाली, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गानं, अंदाजे सोळा किलोमीटर. पश्चिमेच्या बाजूला विजेच्या गाड्या आल्या त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये. आणि १९२९ मध्ये तार आपलं कर्जत ओलांडून, घाट चढून पुण्याला पोचली. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंड आणि इंग्लंडहून विजेची इंजिनं आली. त्यांच्या चालण्यावरून आणि आवाजावरून त्यांना 'खेकडा' हे नाव पडलं. जुन्या माणसांना विचारा, काहींना आठवत असेल.

एक गोष्ट राहिली, ती आपल्या अगदी दारातली. या गाडीचा चारा म्हणजे वीज, ती कुठून आली?

सह्याद्रीतून. घाटावर पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून ते कोकणाच्या बाजूला खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर चक्रं फिरवायची, ही टाटांच्या कंपन्यांची योजना. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, आपल्या भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. भिवपुरीच्या डोंगरावरचे नळ आपण रोज बघतो, त्यांच्या खालून लाकडं आणायला जातो. ती वीज मुंबईला गेली, गिरण्यांना आणि रेल्वेलाही.

भिऱ्याच्या विजेसाठी पाणी अडवलं ते मुळशीला. त्या खोऱ्यातली पन्नासच्या वर गावं त्यात गेली. भाताची चांगली खाचरं होती. १९२१ च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्याबरोबर उभे राहिले. बापटांना 'सेनापती' म्हणायला लागले ते याच लढ्यापासून. बायकाही उतरल्या होत्या. तीन वर्षं लढा चालला, पण धरण थांबलं नाही. शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबई परदेशी डब्यांची वाट बघत होती त्याच वर्षांत घाटावरच्या बाया आपली खाचरं सुटू नयेत म्हणून बांधावर बसल्या होत्या. लोकलचा इतिहास सांगताना हे पान बहुतेक वेळा गाळलं जातं. लोकल वाईट, असं मला म्हणायचं नाही. तिच्यावर आपली चूल चालते. पण किंमत कोणी दिली तेही आपल्या पोरींना ठाऊक असावं.

त्यानंतरही बरीच वर्षं लोकलचे डबे बाहेरून येत राहिले. मग १९५५ मध्ये मद्रासजवळ पेरांबूरला आपला डब्यांचा कारखाना निघाला, आणि हळूहळू लोकल इथंच बनू लागली. मात्र १५०० व्होल्टची ती जुनी व्यवस्था टिकली ती अगदी २०१६ पर्यंत. शेवटची तशी गाडी त्या एप्रिलमध्ये कुर्ल्याहून मुंबईला गेली, पहिली धावली होती त्याच हार्बर लाईनवर. डबे इथले आणि आतली विजेची यंत्रणा परदेशी, असंही झालं. २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आठवा. त्यांची यंत्रणा सीमेन्स या जर्मन कंपनीची.

पूर्ण गाडी बोटीनं येण्याचे दिवस मेट्रोमुळे परत आले. मुंबईची घाटकोपर-वर्सोवा मेट्रो चीनमध्ये बनलेली, नागपूरची चीनमधल्याच डालियन शहरात. नागपूरनं तर आपले डबे यायच्या आधी चाचणीसाठी हैदराबाद मेट्रोचे डबे उसने आणले होते. शेजारणीकडून परात आणावी तसे. कोलकात्याला डालियनची पहिली गाडी मार्च २०१९ ला बंदरात उतरली, आणि तिच्यात प्रवासी बसले २०२३ मध्ये. मधल्या काळात रिकामी गाडी धावते, माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून धावते, थांबवून बघतात, हादरे मोजतात, मग सुरक्षा आयुक्त येऊन तपासतात आणि सही करतात. म्हणून, ताई, पेपरात नव्या डब्याचा फोटो आला की लगेच पास काढायला पळू नका.

आपल्यासाठी खरा प्रश्न डबा आतून कसा आहे हा आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यातच लिहिलं होतं, की प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवावा. बोटीनं आलेल्या डब्यांनाही तो नियम होता. पुढे ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पूर्ण महिला विशेष लोकल धावली. म्हणजे बायकांच्या जागेचा विचार कागदावर तरी जुना आहे. पण भाजीच्या पाटीचा, रानभाज्यांच्या गाठोड्याचा, मडक्यांचा विचार मालडब्यापुरताच. आता वातानुकूलित गाड्या आल्या, पहिली २५ डिसेंबर २०१७ ला. दारं आपोआप मिटतात, आत थंडगार, चांगलं आहे. पण पाटी घेऊन कुठं चढायचं? डबा कारखान्यात असताना हे विचारलं तर कप्पा निघतो. डबा रुळावर आल्यावर विचारलं तर फार तर पाटी लावतात.

तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गटानं एका वहीत एवढं लिहून आणायचं: आपल्यातल्या किती जणी माल घेऊन लोकलनं जातात, कुठल्या स्टेशनात किती वाजता चढतात, किती पाट्या आणि किती वजन, माल कुठं उतरवतात, परत येताना रिकाम्या पाट्या असतात की सामान. आठवड्यातला कुठला वार सर्वांत जड, तेही. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, खोपोली अशी स्टेशनवार वेगळी पानं करा. त्या आकड्यांवरून आपण मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या व्यवस्थापकांना एक अर्ज करू, आणि त्याची प्रत उपनगरी प्रवाशांच्या सल्लागार समितीला देऊ. अर्जावर सह्या प्रत्येक गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांच्या, शिक्क्यासह. शिक्का ज्या गटाचा हरवलाय त्यांनी तो या आठवड्यात करून घ्या.