सत्काराच्या यादीत नसलेले आपले संशोधक



जून-जुलै आला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांच्या सत्काराचे फलक लागतात. दहावीला चांगले टक्के मिळविणारी मुलगी, मेडिकलला नंबर लागलेला मुलगा, बँकेत किंवा पोलिसात लागलेला तरुण यांना शाल, पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते. आई-वडिलांना व्यासपीठावर बोलावले जाते. हे सारे चांगलेच आहे. आम्ही स्वतः अशा कार्यक्रमांना जातो, टाळ्या वाजवितो. पण त्या यादीत पीएच.डी. झालेल्यांचे नाव असते, पीएच.डी. करीत असलेल्यांचे कधीच नसते. डॉक्टरेट मिळाली की चौकात फलक लागतो. त्याआधीची पाच-सहा वर्षे मात्र हा मुलगा किंवा ही मुलगी आपल्या खिजगणतीतही नसते.

अकोल्याच्या एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक मावशी आमच्याजवळ आल्या. यजमान दालमिलमध्ये हमाली करतात, थोरली मुलगी कृषी शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन संशोधन करते. मावशी म्हणाल्या, “माही पोरगी चार वर्सांपासून मातीच तपासून राह्यली. पगार नाही, नोकरी नाही. लोकं इचारतात, अजून शिकूनच राह्यली का? मी काय सांगू बाप्पा त्यायले?”

आम्ही त्यांना काहीतरी बोललो खरे, पण ते उत्तर आमचे आम्हांलाच पुरेसे वाटले नाही. म्हणून हा लेख.

मातीच तपासते, म्हणजे काय करते? पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपणांस ठाऊक आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे ज्यांची सोयरिक आहे त्यांनी तिथल्या विहिरीचे मचूळ पाणी चाखले असेल. काळी, खोल जमीन. पण पोटात क्षार, त्यातही सोडियम. पाऊस पडला की माती फुगते, चिकट होते, पाणी खाली मुरत नाही. ऊन पडले की भेगाळते. खालचे पाणी ओलिताला वापरावे तर जमीन आणखी बिघडते. कोणत्या गावच्या कोणत्या थरात किती क्षार आहेत, जिप्सम घातल्याने काय फरक पडतो, शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर हरभरा कसा येतो, हे कोणीतरी शेतात उभे राहूनच पाहावे लागते. गिरमिटाने थराथराची माती काढायची, पिशवीवर चिठ्ठी लावायची, वाळवायची, कुटायची, चाळायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. एका हंगामाच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. दोन-तीन हंगाम तरी तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो. मध्येच एक खरीप पावसाने दगा दिला तर ते वर्ष गेलेच. शेतमजुरी केलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका पेरणीवर जमिनीचा गुण कळत नाही हे त्यांना आपल्याहून अधिक कळते. मावशींना आम्ही पुढच्या खेपेस हेच सांगितले आणि त्यांना ते पटले.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक शास्त्राच्या अभ्यासकांची एक संस्था असते. मृदाशास्त्राची देशपातळीवरील संस्था १९३४ साली स्थापन झाली. अर्थशास्त्राची, रसायनाची, वनस्पतिशास्त्राची अशाच वेगवेगळ्या आहेत. त्या वर्षातून एकदा अधिवेशन भरवितात, नियतकालिक काढतात आणि नव्या संशोधकांसाठी काही गोष्टी राखून ठेवतात. मृदाशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी.च्या संशोधनाच्या उत्तम सादरीकरणाला वेगळा पुरस्कार आहे. इतरत्र तरुण शास्त्रज्ञ पदक असते, कुठे विद्यार्थ्यांना वर्गणीत सवलत असते, तर कुठे प्रवासखर्च देतात. रकमा मोठ्या नसतात. पण दहा मिनिटे उभे राहून आपले काम सांगायचे, समोर त्या विषयातले जाणते बसलेले, त्यांनी दोन प्रश्न विचारायचे, एखादी चूक दाखवायची, याचे मोल पैशात होत नाही. अजून ज्याला पदवी नाही, पद नाही, त्याला ‘तुझे काम आम्ही ऐकले’ असे त्याच्या शास्त्रातली माणसे तिथे सांगतात.

याचा अर्थ काय असतो, हे बाबासाहेबांच्याच आयुष्यात पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. तोवर बडोद्याची शिष्यवृत्ती संपत आली होती. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तके ज्या बोटीने पाठविली ती महायुद्धात बुडाली. बडोद्यात नोकरीसाठी गेले, तर राहायला छप्पर मिळाले नाही. मुंबईत परतून शिकवण्या करण्याची वेळ आली. तेव्हा त्यांच्याजवळ ना नोकरी होती, ना लंडनची पदवी. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘अजून शिकूनच राह्यले’ अशी अवस्था. त्याच काळात, १९१८ साली, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीने आपल्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा लेख छापला. बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावरील परीक्षणही त्याच खंडात आहे. त्या वर्षाच्या अखेरीस ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

आपण बाबासाहेबांच्या पदव्या पाठ म्हणतो, पोरांकडून म्हणवून घेतो. पण १९१७ ते १९२० ही मधली वर्षे आपल्या भाषणांतून फार लवकर उरकली जातात, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. खरे तर आजच्या संशोधक मुलांना तीच वर्षे सांगितली पाहिजेत. १९२० मध्ये शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि स्वतःची शिल्लक यांवर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. गंमत अशी की, आपले या लेखकाशी अनेक ठिकाणी पटत नाही हे कॅनन यांनी त्याच प्रस्तावनेत नमूद केले आणि तरीही ग्रंथाची तारीफ केली. मोठ्या अभ्यासकाने लहानाला असे वागवावे. आपल्याकडे मात्र असेही मार्गदर्शक आहेत, की विद्यार्थ्याने वेगळा निष्कर्ष काढला तर प्रबंध वर्षभर कपाटात पडतो. घरची भाजी आणायला लावणारे वेगळेच!

आपल्या मुलांपुढची मोठी अडचण पैशाइतकीच ओळखीची आहे. अनेक पुरस्कारांसाठी कोणीतरी जाणत्या सभासदाने नाव सुचवावे लागते, शिफारसपत्र द्यावे लागते. दालमिलमधल्या हमालाची पोरगी कोणाला ओळखणार? दुसरी अडचण वयाची. तरुण शास्त्रज्ञांच्या बहुतेक पुरस्कारांना तीस-पस्तिशीच्या आसपास मर्यादा असते. भटनागर पुरस्काराला ती पंचेचाळीस आहे. आता विदर्भातल्याच साठगावचे डॉ. नामदेव निमगडे यांचा हिशेब मांडा. त्यांना शाळेत पाऊल टाकायलाच चौदावे वर्ष उजाडले, आणि तिथेही वर्गात जागा नाही, तापलेल्या ओट्यावर उभे राहून खिडकीतून धडे ऐकायचे. बाबासाहेबांच्या प्रेरणेने ते शिकत गेले आणि १९६२ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी मृदाशास्त्रात पीएच.डी. मिळविली. चौदाव्या वर्षी पाटी धरणाऱ्याने पस्तिशीच्या आत पदकासाठी अर्ज कसा करावा? आजची मुले चौदाव्या वर्षी शाळेत जात नाहीत हे खरे; पण मध्ये दोन वर्षे दुकानात काम केलेले, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी थांबलेले, असे किती तरी आहेत. शास्त्रसंस्थांनी वय मोजताना जन्मतारखेऐवजी पीएच.डी.नंतरची वर्षे मोजावीत, अशी मागणी आपल्या प्राध्यापकांनी तिथल्या सभांतून करायला काय हरकत आहे?

कारण आपले प्राध्यापक आता आहेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, अमरावतीचे विद्यापीठ १९८३ चे. या दोन्ही ठिकाणी शिकलेली, शिकविणारी, निवृत्त झालेली आपली माणसे आज घरोघर सापडतील. त्यांतले काही शास्त्रसंस्थांचे आजीव सभासद असतात. त्यांची सही, त्यांचे एक पत्र आपल्या मुलांच्या कामी यावे. जयंतीच्या वर्गणीसाठी त्यांच्या दारी जाता, तसे एकदा याही कामासाठी जा.

बंगालचे मेघनाद साहा यांचे नाव विज्ञानाच्या पुस्तकात असते. जन्म १८९३ चा, ज्यांना तेव्हा खालचे समजले जाई अशा जातीत. बाप किराणा दुकानदार. शिकण्यासाठी एका डॉक्टरांनी घरी ठेवून घेतले. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात काही विद्यार्थी त्यांच्या पंक्तीला बसत नसत. १९२० साली त्यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणारे सूत्र मांडले आणि १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३० मध्ये त्यांनी अलाहाबादला विज्ञान अकादमी उभी करण्यात पुढाकार घेतला. ती आज राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. बंगळूर आणि दिल्लीच्या अकादम्यांसोबत ती उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालविते. पदवीच्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते, प्रवासखर्च आणि विद्यावेतनही मिळते. अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच करावे लागतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुले ज्या घरात असतील त्यांनी महाविद्यालयात चौकशी करावी. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सवही आहेच. तिथे विद्यापीठाच्या फेरीपासून सुरुवात होते, तेव्हा लांब जावे लागत नाही.

पैशाचे म्हणाल तर योजना आहेत. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून (सुरुवातीला राजीव गांधींच्या नावाने) चालू झाली. राज्यात बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. १ जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने कनिष्ठ संशोधकाची रक्कम महिना ३७,००० रुपये केली. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात, जे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, तेच २००६ ते २०११ या काळात या आयोगाचे अध्यक्ष होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे. पण कागदावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत महिने जातात. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. हैदराबादच्या रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपविले. आपली सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती यायची आहे, ती घरच्यांना मिळावी, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते. त्याच्यासाठी आपण मोर्चे काढले, तेही योग्यच होते. पण आपल्याच गल्लीतल्या संशोधकाला, ‘बाळा, तुझे पैसे आले का?’ असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

मावशींच्या मुलीचेही तसेच झाले. तिचा निबंध परप्रांतातल्या एका अधिवेशनासाठी स्वीकारला गेला होता. अधिछात्रवृत्तीचे पैसे अडकलेले. नोंदणी शुल्क, रेल्वेभाडे, राहणे मिळून खर्च झेपेना. ती गेली नाही आणि घरी सांगितलेही नाही. ‘बापाच्या पाठीवर आणखी एक पोतं कशाला?’ एवढेच ती आम्हांला म्हणाली.

पुढच्या वर्षी ही गोष्ट विहाराच्या महिला मंडळात निघाली. वर्षावासाच्या दानातून भाडे द्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. एक आजी म्हणाल्या, दान विहाराचे आहे, रेल्वेचे नाही. दुसऱ्या म्हणाल्या, मग पोरगी कोणाची आहे? शेवटी अर्धे भाडे मंडळाने दिले, अर्धे एका निवृत्त शिक्षकांनी. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला नाही. मावशींनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

तिला पुरस्कार मिळाला नाही. पण दुसऱ्या राज्यातल्या एका वयस्क शास्त्रज्ञांनी तिला थांबवून, तीन फुटांखालच्या मातीचे आकडे आहेत का, असे विचारले. तेवढ्या खोलीचे नव्हते. परत आल्यावर ती पुन्हा त्याच शेतात गेली आणि यंदाच्या खरिपात तिने खालच्या थरांचे नमुने काढले. मावशी आता विचारणाऱ्यांना सांगतात, “तिले अजून खाली खणाले सांगतलं हाये.”