लाइन फॉलोअर गाडी डुलते? कोडमधले आकडे असे जुळवा

काळ्या पट्टीवरून आपोआप धावणाऱ्या छोट्या गाडीचा कोड नेटवर आयता मिळतो. अर्दुइनोमध्ये टाकला की गाडी चालते, पण सापासारखी वळवळत! कारण त्यातले आकडे दुसऱ्याच्या गाडीचे असतात. मोटर वेगळी, वजन वेगळं, फरशी वेगळी.

आकडे मुख्यतः दोन. पट्टीपासून गाडी जितकी सरकली त्या प्रमाणात वळवतो तो केपी. ती किती वेगाने सरकतेय हे पाहून आवर घालतो तो केडी. (तिसरा केआय, तो आपण शून्यच ठेवू.) कल्पना जुनी आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी हे गणित मांडलं होतं.

तलासरीत एका खोलीत फरशीवर टेप चिकटवून मी सुरुवात केली. वेग २५५ पैकी १२०, केडी शून्य. गाडी एकसारखी डुलायला लागेपर्यंत केपी वाढवायचा, मग थोडा उतरवायचा, मगच केडीला हात लावायचा. एका फेरीत एकच आकडा बदला आणि वहीत लिहा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. डोळ्याला नीट वाटणारी गाडी फोनच्या स्लो मोशनमध्ये थरथरताना दिसते, म्हणून प्रत्येक फेरीचा व्हिडिओ घ्या.

एक गंमत. आकडे बघायला कोडमध्ये सिरियल प्रिंट टाकतो ना, ९६०० बॉडला त्याचं एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. वीस अक्षरं म्हणजे वीस मिलिसेकंद! त्यामुळे लूप मंदावतो. प्रिंट काढलं की लूपची गती बदलते आणि जुळवलेला केडी पुन्हा बिघडतो. शेवटच्या चाचण्या प्रिंटशिवायच करा. बॅटरीही दरवेळी सारखीच चार्ज केलेली हवी.

हीच गाडी डहाणूत चिकूच्या वाडीलगतच्या अंगणात नेली, तर दोन मीटरवरच भरकटली. आकडे तेच, टेप तीच. बदललं होतं ते ऊन. ट्यूबलाइटमध्ये इन्फ्रारेड फारसा नसतो, उन्हात भरपूर असतो. पानांमधून पडलेल्या कवडशात आयआर सेन्सरला काळी टेपसुद्धा पांढरी वाटते. अशा वेळी केपी कितीही फिरवा, उपयोग शून्य. सेन्सरभोवती जमिनीला जेमतेम न टेकणारी काळ्या पुठ्ठ्याची झालर लावली आणि गाडी पट्टीवर आली. केपी, केडी तसेच राहिले. अंगणातला कोबा खडबडीत होता, म्हणून वेग तेवढा १२० वरून ९० वर आणला.