स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांमधील अंतर

15 ऑगस्ट 1947 रोजी भारत स्वतंत्र झाला, तरी 26 जानेवारी 1950 पर्यंत त्याचा औपचारिक राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज हाच होता. आधी माउंटबॅटन आणि जून 1948 पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल या नात्याने त्याचे प्रतिनिधित्व करीत होते. भारत तेव्हा अधिराज्य, म्हणजे कारभारात स्वायत्त परंतु राजमुकुटाशी घटनात्मक नाते राखणारे राज्य होता. प्रत्यक्ष सत्ता नेहरूंच्या मंत्रिमंडळाकडे होती व पुढेही ती तेथेच राहिली. मग त्या जानेवारीत नेमके काय बदलले, या प्रश्नाच्या उत्तरात राजेशाही व प्रजासत्ताक यांमधील खरा भेद सापडतो.

राष्ट्रप्रमुखाच्या हाती सत्ता किती, यावर हा भेद अवलंबून नाही. ते पद त्याला कोणत्या अधिकाराने मिळते, यावर तो ठरतो. राजेशाहीत ते बहुधा जन्माने मिळते (मलेशियात नऊ वंशपरंपरागत शासक आपल्यातील एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात, तेथेही उमेदवारी जन्मानेच ठरते). भारताच्या राष्ट्रपतीला मात्र संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात, आणि त्याने संविधानाचा भंग केल्यास अनुच्छेद 61 नुसार महाभियोगाने, म्हणजे संसदेत दोषारोप ठेवून व त्याची चौकशी करून, त्याला पदावरून दूर करता येते.

लोकशाही ही याहून वेगळी कसोटी होय. ब्रिटनमध्ये राजा असूनही कारभार संसदेला जबाबदार असलेले मंत्री पाहतात, तर स्वतःला प्रजासत्ताक म्हणविणाऱ्या उत्तर कोरियात सत्ता एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांकडे राहिली आहे.

महाराष्ट्रातील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये आपले अधिकार स्वेच्छेने प्रजेच्या हाती सोपविले, आणि गांधीजींच्या सल्ल्याने घडलेला तो ग्रामपंचायतींवर उभारलेला प्रयोग आजही आदराने अभ्यासावा असा आहे. तथापि तेथेही सत्ता राजाने दिलेली होती आणि प्रजेने ती स्वीकारलेली होती. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत हा क्रमच उलटतो, कारण तेथे देणारे आणि घेणारे दोघेही लोकच आहेत. जन्माच्या हक्काचे अवशेष मात्र लगेच पुसले गेले नाहीत: माजी संस्थानिकांची मान्यता व त्यांचे तनखे, म्हणजे विलीनीकरणाच्या वेळी कबूल केलेली वार्षिक रक्कम, 1971 च्या 26व्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू राहिले.