बंद कपाटातला गंज

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळेचे पोलादी कपाट उघडले, की कोकणातल्या शाळांत बऱ्याचदा निराशा पदरी येते. नादकाट्यावर तांबूस डाग पडलेले असतात, स्टँडचे स्क्रू फिरत नाहीत, लोखंडी पट्ट्यांचे पापुद्रे सुटतात. एकदा मिळालेले साहित्य पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून तर ते कुलपात जपलेले असते. मग बंद कपाटात पाणी शिरले कोठून?

लोखंड गंजण्यास पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण वर्गात शिकवतोच. पण पाणी म्हणजे दिसणारे थेंबच असे नव्हे. धातूच्या पृष्ठभागावर चिकटलेला, काही रेणूंच्या जाडीचा पाण्याचा अदृश्य थरही पुरतो. या थरात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतात, ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन व पाणी स्वीकारतात आणि अखेर सजल आयर्न ऑक्साइड, म्हणजेच गंज तयार होतो. गंज सच्छिद्र असल्याने तो स्वतःच ओलावा धरून ठेवतो. एक डाग पडला की तो पसरतो, त्याचे हे एक कारण.

हा थर पुरेसा जाड होण्यास हवा किती दमट हवी? व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सल्फर डायऑक्साइडचा थोडा अंश असलेल्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास पोचली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. त्याखाली तो फार मंद असतो. म्हणजे हवा पूर्ण कोरडी करण्याची गरज नाही, ५० टक्के आर्द्रता राखली तरी बरेच साधते. धातूवर क्षार असतील तर मात्र ही मर्यादा खाली येते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी शोषून विरघळू लागते. समुद्री क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. किनाऱ्यावरच्या शाळांत गंज लवकर धरतो तो यामुळे. हाताच्या घामातही मीठ असतेच.

पहाटे काय घडते?

दोन मीटर उंच, एक मीटर रुंद व अर्धा मीटर खोल कपाटात एक घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एवढ्या हवेत जास्तीत जास्त ३०.४ ग्रॅम बाष्प राहू शकते. आर्द्रता ८० टक्के असेल तर कपाटात २४.३ ग्रॅम बाष्प असेल. पहाटे तापमान २६ अंशांवर उतरले, तर हवेची बाष्प धरण्याची मर्यादा २४.४ ग्रॅमच उरते. बाहेरून थेंबभरही पाणी न येता आतली आर्द्रता जवळजवळ १०० टक्के होते!

पण हे २४ ग्रॅम म्हणजे जेमतेम पाच चमचे पाणी. मोठा साठा वेगळाच असतो. ८० टक्के आर्द्रतेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते. कपाटात दहा किलो लाकडी खोकी असतील तर त्यांत दीड लिटरहून अधिक पाणी आहे. पुठ्ठा, जुन्या वह्या, स्पंज यांचेही तसेच. आतली हवा कोरडी करू लागलो, की हा साठा हळूहळू बाष्प सोडत राहतो.

उपाय कोणते?

पहिला उपाय फुकटचा आहे. लाकडी खोकी, पुठ्ठे व कागद त्या कपाटातून बाहेर काढावेत. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली तर तेथे मुळीच ठेवू नये. बुचातून निसटणारी तिची वाफ लोखंडाचा फडशा पाडते. ब्लीचिंग पावडरही दूर ठेवावी.

दुसरा उपाय म्हणजे हाताळलेले साहित्य कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवणे. वजनांना मात्र तेल लावू नये, त्यांचे वस्तुमान बदलते.

तिसरा उपाय सिलिका जेल. ५० टक्के आर्द्रतेला ते स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरते. वरच्या कपाटातून १२ ग्रॅम बाष्प काढायला हिशेबाने ५० ग्रॅम जेल पुरेल. पण दार उघडताच नवी दमट हवा आत येते आणि फटींतून ती सतत येतच असते. म्हणून सगळे कपाट कोरडे करण्याच्या मागे न लागता घट्ट झाकणाचे डबे वापरावेत. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत केवळ पाव ग्रॅम बाष्प असते. त्यात ठेवलेली ५० ग्रॅम जेलची पुरचुंडी, डबा अधूनमधून उघडला तरी, दीर्घकाळ पुरते. ओले झालेले जेल सुमारे १२० अंशांना ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते. ते अपायकारक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. कॅल्शियम क्लोराइड पाणी शोषून द्रवरूप होते. तो द्रव सांडला तर गंज उलट वाढतो.

अमेरिकेत घरी बंदुका ठेवण्याच्या तिजोऱ्यांच्या तळाशी विजेवर तापणारी कांडी बसवतात. २० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा ५ अंशांनी तापवली तर आर्द्रता ५३ टक्क्यांवर येते. हाच उपाय कोकणातल्या पावसाळी पहाटे केला, तर आपल्या उदाहरणातली आर्द्रता ७६ टक्क्यांपर्यंतच उतरेल. ६० टक्के गाठायला कपाट नऊ-दहा अंशांनी तापवावे लागेल. उपाय उसना घेताना हवामानाचा हिशेब आपणच करायला हवा.

वर्गात करून पाहण्याजोगे

साधा आर्द्रतामापक बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने त्याचा लगदा करावा आणि तो मापकासह हवाबंद डब्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. फरक पडल्यास तो टिपून ठेवावा. मग घासून स्वच्छ केलेले खिळे तीन ठिकाणी ठेवावेत : जेल असलेल्या डब्यात, रिकाम्या डब्यात आणि उघड्या कपाटात. प्रत्येक ठिकाणी एक खिळा मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला असावा. आठवडाभर रोजची आर्द्रता आणि डागांची नोंद मुलांनी ठेवावी. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हा प्रयोग केला, तर कोणते साहित्य कोठे ठेवायचे हे मुले स्वतःच सांगू शकतील.