साग कोठे थबकतो?

भोपाळहून नर्मदापुरमकडे, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादकडे, जाणाऱ्या सडकेवर एक गोष्ट सहज ध्यानात येते. काळ्या मातीच्या सपाटीवर सागाचे रान दाट असते. भीमबेटक्याचा खडकाळ चढ लागला, की साग खुरटतो आणि त्याची जागा सालई घेते. पाऊस दोहोंकडे सारखाच पडतो. मग हा भेद कशामुळे?

भेद आहे तो खडकाचा, आणि त्यातही चुन्याचा. सपाटीखालचा काळा पाषाण आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो झिजला म्हणजे त्यातील चुना मातीत उतरतो. नांगरटीत वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे ही त्याचीच खूण होय. सागाला चुना फार लागतो. जुन्या सागाच्या लाकडाच्या चिरांतही कधीकधी त्याचा पांढरा थर साचलेला आढळतो. भीमबेटक्याचा वाळूखडक याहून कितीतरी प्राचीन. त्यात बहुतेक सारी गारेची वाळू. तिची माती उथळ आणि चुन्याला पारखी. (खरा चुनखडक विंध्याच्या पूर्वेस, सतना-मैहरकडे, सिमेंटचे कारखाने तेथे आहेत ते उगीच नव्हे.) पचमढीस हाच न्याय अधिक स्पष्ट दिसतो: वाळूखडकावर शालवृक्ष, काळा पाषाण लागताच साग.

सालईच्या खोडाचे कागदासारखे पापुद्रे सुटतात व घाव केल्यास सुगंधी राळ पाझरते. १९५७ साली ज्या खडकांनी विष्णु श्रीधर वाकणकरांना भुरळ घातली, त्यांच्याच फटींत कांडोळ मुळे रोवून उभा असतो. त्याचे पांढरे, गुळगुळीत खोड चांदण्यात पाहणारा एकटा वाटसरू दचकला, तर त्याला हसू नये.

या कांडोळाचा डिंक औषधांत व खाद्यपदार्थांत वापरतात, आणि तेच त्याच्या मुळावर आले आहे. लोभाने खोलवर घाव घातले की झाड वाळते. सालईची रोपेही वर्षानुवर्षे उन्हाळ्यात जळून पुन्हा मुळापासून फुटत राहतात. त्यांतली थोडीच झाड होतात. अशा टेकडीवर रान तोडून सागाच्या रांगा लावणे म्हणजे चुन्यावाचून चुन्याचे झाड मागणे. तेथे पावसाच्या तोंडाशी सालईचीच जाड फांदी रोवावी. ती मूळ धरते.