गणपतीला गावी जाताना

गणपती जवळ आले की मुंबईतल्या कोकणी माणसाचे चित्त ठिकाणावर राहत नाही. पूर्वी तो एस.टी.च्या रांगेत उभा राही. १९९८ साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली, तेव्हा मोठी सोय झाली. आता पुष्कळ घरी स्वतःची, नाहीतर भाड्याची मोटार असते. दिवसभर कामावर जायचे, संध्याकाळी सामान भरायचे, रात्री निघायचे आणि उजाडता गावच्या खळ्यात उतरायचे, असा बेत ठरतो. सावंतवाडी म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर. वाटेत घाट, पाऊस आणि गाड्यांची रीघ.

"तेवढीच एक रजा वाचते," असे म्हणतात. वाचते खरी. पण या बेतात एका माणसाचा विचार कोणी केलेला नसतो. तो म्हणजे गाडी चालवणारा. सकाळी सहाला उठलेला हा माणूस पहाटे तीनला पोलादपूरच्या पुढे गाडी चालवत असतो. करा हिशेब. एकवीस तास झाले. इतका वेळ जागलेल्या माणसाचे हातपाय दारू प्यालेल्या माणसासारखे उशिरा हलतात, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. घरातला कोणी दारू पिऊन गाडीवर बसला, तर आपण त्याला बसू देऊ का? मग झोपाळलेल्याला कसे बसू देतो?

झोपेची लबाडी अशी, की ती आल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. दुपारच्या तासाला मुलगा उघड्या डोळ्यांनी झोपलेला असे. हाक मारली की म्हणे, "नाही गुरुजी, जागा आहे." तो खोटे बोलत नसे. त्याला खरेच तसे वाटे. गाडी चालवणाऱ्याचे असेच होते. तीनचार सेकंद डोळा लागतो आणि पुन्हा उघडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत ८८ मीटर. तेवढी वाट गाडी एकटीच चालली, तिच्यावर कोणाचेच लक्ष नव्हते!

म्हणून शेजारच्या माणसाने पहारा ठेवावा. त्या जागेवर बसून घोरणाऱ्याला मागे पाठवावे. तिथे घरातले जागे आणि बोलके माणूस बसवावे. चालवणारा सारखा जांभया देतो का? डोळे चोळतो का? बोलताबोलता गप्प होतो का? गाडी पट्टा सोडून बाजूला जाते का? "मघाचे गाव कोणते गेले?" असे विचारावे. सांगता आले नाही, तर गाडी थांबवावी. बायकोने "अहो, थांबा जरा" म्हटले की पुष्कळ पुरुषांना राग येतो. येऊ द्या. पण थांबा.

तोंडावर पाणी मारणे, काच उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखू मळणे, यांनी झोप जात नाही. थोडा वेळ तसे वाटते, एवढेच. झोपेला औषध झोपच. पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलच्या आवारात गाडी लावावी. घाटात, वळणावर, रस्त्याच्या कडेला लावू नये. आधी चहा प्यावा आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटावेत. चहाचा गुण यायला अर्धा तास लागतो, तोवर झोपही होते. तरी ही झाली वेळेपुरती सोय. रात्री दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा सर्वांत वाईट. खरा उपाय म्हणजे रात्रभर झोपून पहाटे पाचला निघणे. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. सर्दीच्या आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी झोप येते. चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

दिवसा निघाले की मुलांचाही वेळ मजेत जातो. गाण्याच्या भेंड्या सर्वांना ठाऊक आहेत. कोडी घालावीत. पण मला विचाराल तर पाट्या वाचण्यासारखा खेळ नाही. पेण, नागोठणे, माणगाव, महाड अशी गावे येत जातात. पाटी आधी कोण वाचतो ते पाहावे. नव्याने वाचायला शिकलेल्या आजीला आणि नातवाला बरोबरीने खेळता येते, आणि आजी जिंकली की गाडीभर हसू होते. दगडाचा माथा पिवळा असला तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग. मुलांना हे सांगावे. ज्याला गाडी लागते त्याने मोबाइलमध्ये डोके घालू नये, समोर लांबवर पाहावे. चालवणाऱ्याला मात्र "हे बघ, ते बघ" करू नये.

पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. तसा कायदा आहे. गाडी एकदम थांबली की मागचा माणूस पुढच्यावर आदळतो. मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नये. धक्का बसला तर आईच्या हातांना ते धरवत नाही. नारळाची पिशवी, पितळी समई मागच्या काचेपाशी ठेवू नये, डिकीत ठेवावी.

अपघात दिसला किंवा झाला, तर ११२ हा नंबर लावावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कुठे आहात?" अंधारात गाव कळत नसेल, तर जवळच्या दगडावरचे नाव आणि आकडा वाचून सांगावा.