गाडीचा जुना रंग काढताना

आमच्या वस्त्यांतून रिक्षा-टेम्पो चालविणारे बांधव पुष्कळ आहेत. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात कामाला जाणारी मुलेही कमी नाहीत. गाडी पासिंगला न्यायची म्हटली की रंग आलाच. नव्या रंगाची चकाकी सर्वांना दिसते. पण तो रंग किती टिकेल हे ठरते जुना रंग कसा काढला त्यावर. आणि नेमके हेच काम बहुधा सर्वांत नवख्या पोराच्या हाती दिले जाते. ते नीट कसे करावे आणि करताना जीव कसा सांभाळावा, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सगळा रंग काढावा लागतो का?

दर वेळी पत्रा उघडा करावाच लागतो असे नाही. जुन्या रंगावर ब्लेडने बारीक चौकटी ओढाव्यात, वर चिकटपट्टी घट्ट दाबून लावावी आणि एका झटक्यात ओढावी. रंग निघून आला नाही तर तो पत्र्याला धरून आहे. मग पाणी पेपरने घासून त्याची चकाकी घालविली की पुरे. परंतु पोपडे निघत असतील, भेगा पडल्या असतील किंवा आत गंज फुगला असेल तर पत्र्यापर्यंत गेलेच पाहिजे. गंजावर लांबी भरून वरून रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. आत गंज चालूच राहतो.

काढण्याची रीत

रबर, काच, दिवे, वायरिंग आधी झाकावे. पेंट रिमूव्हरचा जाड थर ब्रशने एकाच दिशेने लावावा, रंग सुरकुतून फुगला की पत्तीने अलगद काढावा. प्लास्टिक व फायबरच्या भागांना रिमूव्हर लावू नये. नंतर पत्रा भरपूर पाण्याने धुवावा, कारण रिमूव्हरचा अंश राहिला तर नवा रंग उखडतो. गंज ८० नंबरच्या पेपरने काढून पुढे १२०, २२० असे बारीक पेपर वापरावेत. पत्रा कोरडा करून त्याच दिवशी प्राइमर मारावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. रंग जाळून काढण्याच्या भानगडीत पडू नये. पत्रा वाकतो, विषारी धूर होतो आणि आगीचे भय असते ते वेगळेच.

धुळीत काय असते?

जुन्या पिवळ्या, केशरी रंगांत लेड क्रोमेट, म्हणजे शिसे आणि क्रोमियम, असण्याचा संभव असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण १० लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण गाड्यांचे रंग त्या नियमात येत नाहीत. म्हणून कोरडे घासू नये. पाणी लावून घासले म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही, त्यासाठी एन-९५ सारखा मास्क हवा.

रिमूव्हरची वाफ मात्र हा मास्कही अडवीत नाही. बऱ्याच रिमूव्हरांत मिथिलिन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि अंगात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद शेडमध्ये किंवा गाडीच्या आत बसून हे काम केले तर माणूस दगावू शकतो. काम उघड्यावरच करावे. डोके जड झाले, चक्कर आली तर ताबडतोब दूर मोकळ्या हवेत जावे.

घरापर्यंत येणारे विष

आमच्या माता-भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ही धूळ कपड्यांबरोबर घरी येते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर चार-पाच पटीने जास्त शोषून घेते. त्याने मुलाची बुद्धी मंदावते आणि झालेली हानी भरून येत नाही. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत, घरी वेगळे भिजवून धुवावेत. हातपाय, तोंड साबणाने धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. जेवण, विडी, तंबाखू कामाच्या जागी नकोच. खरवडलेले पोपडे प्लास्टिकवर गोळा करावेत, उघड्या गटारात लोटू नयेत. आमची मुले तेथेच खेळतात.

मागणे आपले आहे

परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याचे काम त्यांनी केले. कामगाराचे शरीर हेच त्याचे भांडवल, हे त्यांनी ओळखले होते. मास्क, जाड हातमोजे, साबण-पाणी आणि उघडी जागा गॅरेजमालकाकडे मागण्यात लाज कसली? गाडीमालक बांधवांनीही बिलात जुना रंग काढण्याची मजुरी वेगळी लावण्याचा आग्रह धरावा आणि ती त्या पोराच्या हातात पडते की नाही हे पाहावे. दुसऱ्याला इजा न पोचविता कमाविणे ही सम्यक आजीविका. आपल्या रिक्षाची चकाकी दुसऱ्याच्या मुलाच्या छातीतून येऊ नये, एवढे तरी आपण पाळू या.